पायाला कान नसत्यात

आमचा शेजारी गेनभाऊ व्हायोलिन वाजवत नाही, चावतो. निदान लांबून बघणाऱ्याला तसंच वाटतं. डाव्या खांद्यावर ते लाकूड ठेवायचं, त्याच्यावर जबडा असा रोवायचा की गालाची कातडी डोळ्याखाली गोळा व्हावी, मग डोळे मिटायचे आणि गज ओढायचा. त्यातून जे काही निघतं ते आमच्या दोघांच्या सामायिक भिंतीतून थेट माझ्या उशाशी येतं. वेळ दुपारी तीनची. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत पोरांवर ओरडून निवृत्त झालेला माणूस. दुपारची झोप एवढीच काय ती माझी चैन, आणि तीही या माणसानं ठेवली नाही.

बरं, संगीतातलं त्याला काही कळत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. लोणीच्या आमच्या भजनी मंडळाची पेटी तीस-पस्तीस वर्षं त्याच्याच हाती होती. माणसं तो आवाजाच्या पट्टीवरून ओळखायचा. “गुरुजी, तुमी काळी दोन. सर्दी झाली की पांढरी दोन.” एसटीचा हॉर्न, पाटलांची म्हैस, पिठाची गिरणी, सगळ्यांच्या पट्ट्या त्याला पाठ. बायकोबद्दल विचारलं तर म्हणायचा, “आमची काळी पाच. रागावली की म्होरं पेटी संपती.” काशीवहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. चौथीपर्यंत आम्ही दोघं एका बाकावर होतो. मी मास्तर झालो त्या दिवसापासून तो मला अहो-जाहो करायला लागला. मी मात्र त्याला अरे-तुरेच ठेवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्ताहात बिनसलं. आण्याच्या पठारावरचे एक बुवा कीर्तनाला आले होते. बुवांनी पांढरी चार धरली आणि आमच्या गेनभाऊनं काळी एक दाबली, ती दाबूनच ठेवली. बुवांनी एकदा वळून बघितलं, दोनदा बघितलं. हा डोळे मिटून भाता हलवतोय. मंडळाचा चालक मी, म्हणून मी मागून त्याचा खांदा हलवून म्हणालो, “गेनभाऊ, पट्टी बघ.” तो “हां हां” म्हणाला आणि काळी एकच वाजवत राहिला. शेवटी बुवांनी हात वर करून गाणं थांबवलं. सगळा गाव समोर बसलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मंडळाची पेटी मी पोपटच्या पुढ्यात ठेवली. पोपट तिशीचा आहे, सांगितलं तेवढं वाजवतो. गेनभाऊला म्हणालो, “लई वर्षं केलीस सेवा. आता आराम कर.” त्यावरही तो “हां हां” म्हणाला, चपला घातल्या आणि निघून गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याची स्वतःची जुनी पेटी घरात फळीवर गेली. तेव्हापासून तो मंदिराकडं फिरकला नाही. माजलाय, असं आम्ही ठरवून टाकलं.

आणि महिन्याभरात हे व्हायोलिन आलं. पुण्याहून, एसटीत मांडीवर घेऊन. पासष्टीला टेकलेला माणूस, हातांना कांद्याच्या मातीच्या भेगा, आणि त्यात ते नाजूक प्रकरण. पेटीचा सूर जागच्या जागी असतो, बोट ठेवलं की हजर. इथं तारेवर खूणच नाही. यानं लाइटच्या वायरीला गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी आणली आणि तिचे बारीक तुकडे कापून तारांखालच्या लाकडावर डकवले. एक तुकडा काळी एक, दुसरा काळी दोन. बोट चिकटायचं आणि सूर घसरायचा. तो घसरलेला सूर हा अर्धा अर्धा तास हुडकत बसायचा. कोणी दारात उभं राहून तोंड वाकडं केलं की म्हणायचा, “हाय हितंच कुठंतरी. सापडंल.”

पुण्याहून गजाला लावायच्या राळेची वडी आली होती, ती संपली. राळ म्हटल्यावर गेनभाऊ सरळ वाण्याकडं गेला. देवीच्या गोंधळात पेटत्या पोतावर टाकून भडका उडवतात ती भुकटी पावशेर आणली, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि गजावर आपटायला लागला. घरात पिवळा धूर. वहिनी शिंकून बेजार, तो शिंकून बेजार, भिंतीपलीकडं मीही. तारेतून मात्र त्या दिवशी नुसती खरखर आली.

मग त्यानं नारायणगावात क्लास लावला. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “काका, आपल्याकडं मांडी घालून बसतात आणि टोक पायाच्या घोट्यावर टेकवतात. हे साहेबासारखं गालाखाली धरणं सोडा. मान धरेल.” यानं ऐकलं नाही. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी सर वैतागले. म्हणाले, बसायचं कसं तेच शिकायचं नसेल तर येऊ नका. त्यावर गेनभाऊनं उत्तर दिलं, “पायाला कान नसत्यात, सर.”

हे उत्तर पंचक्रोशीत गाजलं. पारावर कोणी काही ऐकेनासं झालं की लोक म्हणायचे, पायाला कान नसत्यात. मीही म्हणायचो. एवढा उर्मटपणा, तोही गुरूच्या तोंडावर. पुन्हा क्लासचं दार त्याला उघडलं नाही आणि तो घरीच, दुपारी तीनला, स्वतःच स्वतःचा गुरू झाला.

मी काही लगेच मुळावर उठलो नाही. आधी भिंतीवर थापा मारल्या. मग अंगणातून हाका मारल्या. मग दारात जाऊन म्हणालो, “गेनभाऊ, अरे निदान खिडकी तरी लाव.” त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, “हां हां” म्हणाला आणि मी वळतोय तोवर पुन्हा गज ओढला. खिडकी उघडीच. वहिनी ओट्यावर कांदा निवडत बसलेल्या असायच्या. त्यांचीही एक तऱ्हा. नवऱ्याला त्या हाक मारायच्या नाहीत, ढिगातला एक बारका कांदा उचलून त्याच्या पाठीवर मारायच्या. तो वळायचा आणि जेवायला उठायचा. आम्ही हसायचो. म्हातारपणी काय लाड चाललेत, असं आमच्या घरात बोललं जायचं.

दिवाळीनंतर माझं डोकं फिरलं. त्याचा पोरगा संतोष चाकणला कंपनीत आहे, माझाच विद्यार्थी. त्याला फोन लावला. म्हणालो, “बापाचं हसं झालंय गावात. ते खूळ आधी घरातनं बाहेर काढ, त्याच्या हाती ठेवू नको.” चांगला आवाज चढवून बोललो. गुरुजींचा शब्द म्हटल्यावर पोरगा रविवारी हजर.

मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. संतोषनं व्हायोलिन पिशवीत घातलं. मला वाटलं होतं बाप आरडाओरडा करील. तो पोराच्या तोंडाकडं बघत राहिला, मग पिशवीत हात घालून खुंट्या एकेक करून सैल केल्या. “गाडीत हिसके बसत्यात. ताणलेल्या तारा तुटत्याल,” म्हणाला. एवढंच बोलला. त्या दुपारी मी पाच वाजेपर्यंत झोपलो, हे सांगायची मला लाज वाटते, पण झोपलो.

आठ-दहा दिवस शांततेत गेले. मग एका दुपारी पेटी सुरू झाली. एकच सूर, लांबच लांब, भाता संपेपर्यंत. मग पुन्हा तोच. मी चप्पल अडकवली आणि शेजारी गेलो. तोंडात काय काय तयार होतं.

गेनभाऊ माझ्याकडं पाठ करून जमिनीवर बसला होता. पुढ्यात ती जुनी पेटी. तो तिच्यावर इतका वाकला होता की मला वाटलं झीट आली. तसं नव्हतं. पेटीच्या वरच्या फळीवर त्यानं जबडा टेकवला होता, अगदी व्हायोलिनवर रोवायचा तसा. डोळे मिटलेले. “गेनभाऊ,” मी म्हणालो. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा वर्गात ओरडायचो तसा ओरडलो. तो हलला नाही.

“त्यास्नी न्हाई येत ऐकू,” ओट्यावरून वहिनी म्हणाल्या.

“काय?”

“दोन वर्सं झाली, गुरुजी. कान तर ल्हानपणापासनं वाहतो. मंग येकदमच बंद झालं. डाक्टर म्हनले मशीन लावा. मशीन लावलं की कान आणिक वाहतो. येकदा खाटेच्या लाकडाला गाल लावून पडलं व्हतं आन् म्या खाटेचा पाय ठोकत व्हते. तर उठून बसलं. म्हनले, आवाज आला, हाडातनं आला. मंग टीव्हीवर बघितलं ते, गालाखाली धरत्यात. तवापासनं त्येचं येड.”

“मग सांगायचं नाही का आम्हाला?”

त्यांनी हातातला कांदा ढिगात ठेवला. “पेटीवाल्याला ऐकू येत न्हाई म्हनल्यावर तुमी काय केलं असतं?”

न सांगताही मी तेच केलं होतं.

वहिनींनी बारका कांदा मारला. गेनभाऊ वळला, मला बघून ओशाळला. “तुमची झोपायची येळ, न्हाई का?” म्हणाला. मग घाईनं, माझ्या तोंडाकडं बघत, “गुरुजी, तुमी संतोषला फोन करा. कुणी कान भरलं त्येचं, कळंना. तुमचा शब्द न्हाई मोडायचा तो. पेटी लई जड लागती हाडाला. त्या तारंत बारीक सूर बी यायचा. काळी दोन आता सापडत आली व्हती.” काळी दोन म्हणजे माझी पट्टी. मी मान हलवली आणि घरी आलो.

संतोषला फोन केला. तो म्हणाला, “ते तर इकलं, गुरुजी. मोबाईलवर टाकलं, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. तुमीच म्हनला व्हता ना, त्यांच्या हाती ठेवू नको म्हणून.”

पुण्याला जाऊन दुसरं आणता येईल, तेवढी अक्कल मला आहे. शुक्रवारी जाणारही आहे. पण ते त्याच्या हातात देताना तो माझ्याकडं बघून हसेल आणि म्हणेल, बघा, तुमचा शब्द मोडला न्हाई पोरानं. त्याच्या आधी सांगायला हवं. म्हणून काल दुपारी तीनला मी पुन्हा गेलो. तो तसाच पेटीवर जबडा टेकवून, माझ्याकडं पाठ करून. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, “गेनभाऊ, संतोषला फोन मीच केला होता.”

भाता हलत राहिला. वहिनींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ढिगातला एक बारका कांदा उचलला.

“मारू का, गुरुजी? वळत्याल ते. मंग सांगा.”

मी नको म्हणालो.