हेझलनटचं स्थळ

नाना मोहोळकरांबरोबर मी आजवर तीन वेळा मुलगा बघायला गेलो आहे. तिन्ही वेळा मुलगा कुंडीत होता.

नाना न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी एस-बानच्या रुळांलगत बागेचा एक तुकडा भाड्याने घेतला. माणसाने तिथे बटाटे लावावेत, खुर्ची टाकून पडावं. नानांनी हेझलनट लावलं. एकुलती एक लेक सई नोकरीसाठी हॅम्बुर्गला गेली, त्याच वसंतात. म्हणून ते झुडूप 'मुलगी'.

"हेझलनट एकटं फळत नाही," नाना कुणालाही धरून सांगतात. "एकाच झाडावर नराचे तुरे आणि मादीची फुलं, पण स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही. जात वेगळी लागते. गेनाऊ, अगदी आपल्या गोत्रासारखं."

हे ज्ञान त्यांना उशिरा झालं. पहिला मुलगा त्यांनी मुलीच्याच जातीचा आणला होता, दोघं शेजारी शोभून दिसतात म्हणून. मग पुस्तक वाचलं आणि कपाळावर हात मारला. "सगोत्र निघालं रे." दुसऱ्याचे तुरे जानेवारीतच झडून जायचे आणि मुलीची फुलं उघडायची फेब्रुवारीअखेर. मुहूर्त जमेना. तिसऱ्यासाठी मला शनिवारी इंगोलश्टाटच्या पलीकडे गाडी काढायला लावली. जात कॉसफर्ड. नानांनी नर्सरीवाल्याला स्वभाव, तब्येत, घराण्यातले रोग असं सगळं विचारलं. तो बिचारा मनापासून उत्तरं देत होता. परतताना कुंडीला सीटबेल्ट लावून नाना तिच्याशेजारी मागे बसले.

"तिकडे कुणी विचारत नाही, म्हणून इकडे हौस भागवतात," नानांच्या पत्नी मालतीकाकू मला म्हणाल्या.

तिकडे म्हणजे हॅम्बुर्गला. दोन वर्षांपूर्वी सईने फोनवर सांगितलं, मी योर्गबरोबर राहते. नानांच्या हातात तेव्हा चार बायोडेटा होते. "आधी मी आणलेली स्थळं तर बघ," ते म्हणाले. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी काही बघू नका," ती म्हणाली. तेव्हापासून ती घरी आलेली नाही. तिचा फोन दर रविवारी काकूंना येतो आणि नाना नेमके तेव्हाच नळ सोडून हात धुवायला लागतात. फोन संपेपर्यंत धुतात. योर्गचं नाव ते घेत नाहीत. 'तो हॅम्बुर्गचा', एवढंच.

गेल्या ऑक्टोबरमध्ये नानांनी तिन्ही मुलांची हजामत केली. लग्नाआधी नवरामुलगा नीटनेटका दिसायला नको? फांद्यांना अळ्यांसारखं काहीतरी करडं, कडक लटकलेलं दिसलं. रोग असणार, म्हणून तेही एकूणएक कापून टाकलं. हिवाळ्यातले पिवळे, लोंबते तुरे त्यांना माहीत होते. तेच तुरे ऑक्टोबरमध्ये असे मिटलेले असतात, हे कुठे माहीत होतं?

फेब्रुवारीत मुलीच्या कळ्यांतून बारीक लाल फुलं डोकावली. नानांनी ती मला भिंगातून दाखवली. पलीकडे तिन्ही मुलगे टकले उभे होते. मी हसणार होतो, पण नाना बाकावर बसले आणि म्हणाले, "मीच घालवलं रे सगळं. जास्त शहाणपणा करून." ते फक्त झुडपांबद्दल बोलत नव्हते हे मला कळलं. मला फार वाईट वाटलं आणि मी थर्मासमधला चहा ओतला.

ऑगस्टअखेर त्यांचा फोन आला. "ताबडतोब ये."

मुलीच्या अंगावर हिरव्या झालरीतली फळं लागली होती, चांगली ओंजळभर. नाना आनंदात नव्हते, संशयात होते. "पण कुणाची?"

शेजारच्या बागेतल्या फ्राऊ केलर कुंपणावरून हे बघत होत्या. त्यांनी रुळांच्या उतारावर आपोआप उगवलेल्या रानटी हेझलकडे बोट दाखवलं. "वारा आणतो, हेर मोहोळकर. आधीच्या वर्षी तुमचं झुडूपच लहान होतं."

"म्हणजे मी काहीच करायला नको होतं?"

"पाणी घातलंत ना? बस, तेवढंच."

नाना त्या उताराकडे वळले. "गोत्र ना पत्रिका," ते पुटपुटले. मग एक फळ हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. "पण भरलंय चांगलं."

पुढे फळं पिकून गळाली, वाळली आणि एका रविवारी नानांनी मला चवीला बोलावलं. टेबलावर वाटीत हेझलनट आणि शेजारी पुण्याहून आणलेला पितळी अडकित्ता होता. पहिलं फळ फोडणार, तोच काकूंचा फोन वाजला. नाना सवयीने उठून नळापाशी गेले. पण नळ सोडला नाही. हात कोरडेच असताना पुसले आणि फोनसाठी काकूंपुढे पसरले.

"सई, बाबा बोलतोय. आल्झो, तर, आपल्या झाडाला हेझलनट आलेत." नानांनी टेबलावरचा अडकित्ता उचलला. "फोडायला तुमच्याकडे अडकित्ता नसेल. तेव्हा इकडेच या. दोघं या. योर्गला जमणार नाही पहिल्यांदा, मी शिकवीन त्याला."

मग नाना नुसतंच ऐकत राहिले, हं हं करत. काकूंनी नळ सोडला आणि धुतलेल्याच वाट्या पुन्हा धुवायला घेतल्या.