कोरडी जागा

घर्र... धप्. घर्र... धप्.

लुओ चंगफा लग्न ठरवायला पहिल्यांदा सासुरवाडीला गेला, तेव्हा दारातच हा आवाज त्याच्या कानावर पडला होता. आत सासूबाई दगडी साच्यावर उभ्या राहून डुलत होत्या आणि त्यांच्या पायांखाली वाफवलेल्या चहाची वडी दाबली जात होती. होणाऱ्या जावयाला पाहून त्या उतरल्या नाहीत. "बस तिथे," म्हणाल्या, "आणि मध्ये मध्ये करू नकोस."

पुढे जन्मभर लुओला सगळ्यांनी हेच सांगितलं आणि त्यानेही ते ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त यंदाच्या पावसाळ्यात.

सासूबाई गेल्या. त्यांच्या मुलांनी यीवूमधलं ते लाकडी घर पाडून सिमेंटचं बांधलं. रुईलानच्या, म्हणजे लुओच्या बायकोच्या वाट्याला आईने दाबलेल्या चहाच्या वड्या तेवढ्या आल्या. चुलीवरच्या माळ्यावर वर्षानुवर्षं मुरलेल्या. यीवूच्या डोंगराचा चहा मुळातच मऊ. बुलांगच्या डोंगरावरच्या चहासारखा कडवटपणाने अंगावर येत नाही. आधी मधाचा वास, त्यामागे जुन्या लाकडाचा, आणि अगदी तळाशी त्या चुलीच्या धुराचा. एरवी रुईलान तो कुणाला हुंगूही देत नसे. सातव्या महिन्यात पितर घरी येतात, तेव्हा एकदाच काढायचा, आईपुढे ठेवायचा आणि उरलेला डोळे मिटून स्वतः प्यायचा. घर पाडलेलं होतं, पण त्या कपात ते अजून उभं होतं.

यंदा शेवटची वडी उरली होती.

आणि पाऊस असा लागला, की माळ्यावर पाणी ठिबकू लागलं. रुईलान मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. लुओ वडी छातीशी धरून कोरडी जागा शोधत घरभर फिरला. स्वयंपाकघरात आंबवलेल्या भाजीचे माठ, कपाटात सांधेदुखीचं तेल. (चहा शेजाऱ्याचा वास उचलतो, एवढं त्याला कळत होतं. अगदीच बावळट माणूस नव्हता.) शेवटी एक जागा सापडली. जमिनीपासून उंच, घट्ट झाकणाची, उंदीर शिरणार नाही अशी, आणि मुख्य म्हणजे रिकामी. आपल्या हुशारीवर खूश होऊन त्याने एक डुलकी काढली.

पितरांच्या दिवशी रुईलानने चहावर उकळतं पाणी ओतलं. वास घेतला. पुन्हा घेतला.

"हा माझ्या आईचा चहा नाही."

"तोच आहे की. कागदावर त्यांच्या बोटांचे डाग आहेत बघ."

तिने शेजारच्या गाओला हाक मारली. गाओचा जन्म चहाच्या खरेदीत गेलेला. नुसत्या वासावरून डोंगर ओळखतो म्हणे.

गाओने कपात नाक घातलं. "यीवूचा तर नाही."

"मग बुलांगचा?" रुईलानने विचारलं.

"छे. पण हा वास माझ्या ओळखीचा आहे, वहिनी. कुठे बरं..." त्याने डोळे मिटले. "हां! आमच्या बाबांच्या खोलीत यायचा. ते जायच्या आधी दोन वर्षं."

मग त्याने डोळे उघडले, लुओकडे पाहिलं, आणि त्याला एकदम आपल्या डुकरांना खायला घालायची आठवण झाली.

तो गेल्यावर रुईलान सावकाश वळली. "म्हाताऱ्या, वडी कुठे ठेवली होतीस?"

"कोरड्या जागी."

"कुठल्या?"

"माझ्या पेटीत."

ती शवपेटी. गावच्या रीतीप्रमाणे मुलाने ती गेल्या वर्षी, बाप धडधाकट असतानाच, हौसेने करवून घेतली होती. सरूचं लाकूड, ताजं काळं रोगण. सगळं गाव हात फिरवून गेलं होतं.

"अरे, त्यात कुणी काही ठेवतं का?"

"रिकामीच होती ना. मी काही इतक्यात..."

"आई येईल, वास घेईल आणि म्हणेल, जावई निघाला वाटतं!" असं म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावांनी घर एकदा पाडलं. तू दुसऱ्यांदा पाडलंस."

तिने डोळे पुसले आणि कप तसाच आईच्या फोटोपुढे ठेवला. वास परका असला, तरी चहा आईचाच होता.

लुओ गुडघे टेकून बसला. (गुडघ्यांनीही आपलं मत ऐकवलं.) "आई," तो हळूच म्हणाला, "वास माझा आहे, पण मी अजून आलेलो नाही. जागा करू नका."

रुईलानने उरलेला चहा दोन कपांत ओतला. लुओने घोट घेतला, जिभेवर घोळवला. "तळाशी धूर आहे बघ. थोडासा आहे."

तिने घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. "नाही."

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं म्हणून लुओने आणखी एक घोट घेतला. मग दुसरं काही सुचेना, म्हणून खरं तेच बोलला.

"मला तर बरा लागतोय. अंगाच्या मापाने शिवल्यासारखा."

रुईलानने त्याच्याकडे पाहिलं. वडीचा उरलेला तुकडा कागदात नीट गुंडाळला, त्याच्या मांडीवर ठेवला, "मग हा तुझाच," म्हणाली, आणि आत निघून गेली.