घोटीचं इंग्रजी

सातपूरच्या कामगार वसाहतीच्या हॉलमध्ये इंग्रजी-जपानी मित्रमंडळाची पहिली बैठक भरली, आणि चहा यायच्या आधीच रंगनाथचं इंग्रजी संपलं.

मंडळाचा नियम साधा होता. कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यांच्याकडून जपानी शिकायचं. अर्धा वेळ एक भाषा, अर्धा वेळ दुसरी. मराठीला मात्र बाहेर चपलांजवळ बसवायचं. ज्याचं काम सर्वात चोख होईल त्याला कंपनी सहा महिने जपानला पाठवणार होती. रंगनाथ स्टोअरमधला कारकून. त्याला जपानपेक्षा विमानाची ओढ. त्याचा साडू मोतीराम ओझरच्या कारखान्यात रोज विमानाला हात लावायचा आणि सासुरवाडीला निफाडला जमले की त्याच हाताने मिशीला पीळ द्यायचा. "हात लावणं येगळं, मोतीराम, आत बसणं येगळं," हे एक वाक्य बोलायला मिळावं म्हणून रंगनाथने मॅनेजर देवधर साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की आपल्याला इंग्रजी फर्डं येतं.

त्याच्या वाट्याला आले मोरी, जपानी रिवाजाने मोरीसान. नव्या सुनेसारखा लाजरा माणूस. खुर्चीच्या टोकावर बसलेला.

"धिस इज टेबल," रंगनाथने सुरुवात केली. "दॅट इज फॅन."

मोरीसाननी वर पाहिलं. पंखा बंद होता. पुढचं इंग्रजी शोधता शोधता रंगनाथच्या तोंडून त्याचं घोटी गाव निसटलं, "फॅन हाय, पण करंट नाय."

मोरीसानचा चेहरा ढगाआडून चांदणं यावं तसा उजळला. "हाय," ते म्हणाले. "नाय."

जपानीत 'हाय' म्हणजे होय आणि 'नाय' म्हणजे नाही, हे रंगनाथला पुढे कळलं. त्या घडीला एवढंच कळलं, की या परक्या माणसाला आपलं बोलणं उमजतंय.

"इंग्लिश?" मोरीसाननी विचारलं. शाळेत शिकलेलं इंग्रजी त्यांना वाचता यायचं. कानांना मात्र त्याची ओळख नव्हती.

"इंडियन इंग्लिश," रंगनाथ म्हणाला. "लंडनचं वेगळं."

एवढ्याशा खोट्याला मग पालवी फुटत गेली. मोरीसान सोमवारी यंत्राजवळ उभे राहून म्हणाले, "लय गरम हाय. जरा थांबा." सहादू फिटर थांबला. "मोठा पाना आणा," म्हणाले, तर पाना आला. ज्याला बोललं की काम होतं ते इंग्रजीच असणार, याबद्दल मोरीसानना आता शंका उरली नाही. सहादूला वाटलं, माणूस आपुलकीने आपली बोली शिकतोय. देवधर साहेब काचेच्या केबिनमधून नुसते बघत होते. त्यांनी रंगनाथला बोलावून घेतलं.

"काय मोकळा बोलायला लागलाय हो मोरी. काय शिकवता तरी काय?"

"बेसिक, साहेब."

"छान. पुढच्या महिन्यात टोकियोहून मोठे साहेब येतायत. त्यांच्यासमोर बोलू दे त्याला इंग्रजी. मग तुमचं जपान पक्कं समजा."

त्याच संध्याकाळी रंगनाथने खरं इंग्रजी शिकवायचा प्रयत्न केला. "मशीन इज हॉट," तो म्हणाला.

"'इज' नाय," मोरीसाननी मायेने त्याची चूक सुधारली. "'हाय'."

घरी तर परतीची वाटच उरली नव्हती. बायकोने, मैनाने, जपानच्या थंडीसाठी स्वेटर विणायला घेतला होता. सासऱ्यांनी निफाडला पेढे वाटले होते. आणि मोरीसान दर रविवारी घरी येऊ लागले होते. पहिल्या दिवशी रंगनाथच्या आईने, कुसाबाईने, त्यांना खालपासून वर न्याहाळलं.

"नाव काय म्हन्ला याचं?"

"मोरी."

"अगं बया. आईबापानं न्हाणीघराचं नाव ठिवलं लेकराचं?" तिने त्या दिवसापासून त्यांना मोरोबा केलं. सुपात तांदूळ निवडता निवडता ती ओवी गुणगुणायची:

पाव्हणा आला दारी, बसाया पाट देऊ
दूरदेशीच्या लेकरा, दूधभाताचं ताट देऊ

मोरीसान डोळे मिटून ऐकायचे. एकदा त्यांनी हलकेच विचारलं, "इंग्लिश साँग?"

मैनाने सुई थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. रंगनाथ भिंतीकडे बघत म्हणाला, "ओल्ड इंग्लिश."

मोठे साहेब आले. हॉलमध्ये लाकडी खुर्च्या जाऊन गादीच्या आल्या, देवधर साहेबांनी टाय बांधला, मागे कामगार उभे राहिले. मोरीसान व्यासपीठावर गेले, कमरेतून वाकले आणि मोठ्या साहेबांबरोबर आलेल्या दुभाष्याकरवी त्यांनी जाहीर केलं, की आपण एक जुनी इंग्रजी कविता म्हणणार आहोत.

रंगनाथने डोळे मिटले. जमीन दुभंगावी असं त्याला मनापासून वाटलं. पण जमीन कंपनीची, भक्कम सिमेंटची.

मोरीसान गायले. पाट आला, ताट आलं. सूरही कुसाबाईचाच, शेवटाला जरा ओढलेला. मागे सहादूने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले.

देवधर साहेब रंगनाथच्या कानाशी वाकले. "हे कुठलं इंग्रजी म्हणायचं?"

"घोटीचं, साहेब," रंगनाथ म्हणाला. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

तेवढ्यात मोठ्या साहेबांनी त्यालाच पुढे बोलावलं. शिष्याचं ऐकलं, आता गुरूचं जपानी ऐकायचं होतं. फाशीच्या तख्तावर चढावं तसा रंगनाथ चढला आणि मोरीसाननी शिकवलेली चार वाक्यं त्याने अडखळत म्हटली. मोठे साहेब आधी चमकले, मग हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

"साहेब म्हणतात," दुभाष्या म्हणाला, "तुम्ही हुबेहूब त्यांच्या आजीसारखं बोलता. ती भातशेतीच्या गावची होती. ही बोली त्यांनी ती गेल्यापासून ऐकली नव्हती."

रंगनाथने वळून मोरीसानकडे पाहिलं. मोरीसान कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते. त्यांनीही आपल्या गावचंच शिकवलं होतं. कविता इंग्रजी नव्हती, हे दुभाष्याने एव्हाना त्यांच्याही कानावर घातलं होतं. दोघांनी एकमेकांची चोरी पकडली, आणि दोघांनीही मान खाली घातली.

साहेब गेल्यावर देवधरांनी रंगनाथची पाठ थोपटली. "साहेब बेहद्द खूश आहेत तुमच्यावर."

"मग जपानला, साहेब?"

"आता जपानला कशाला कोणी जायचं? यंत्रं शिकायला माणसं तिकडे पाठवायची होती ती भाषेच्या अडचणीपायी. मोरी कामगारांच्या बोलीत बोलतो म्हटल्यावर इथेच शिकवेल सगळ्यांना. तीन वर्षं ठेवलंय त्याला. तुमच्यामुळे झालं हे, रंगनाथ."

रंगनाथ घरी पोचला तर मोरीसान आधीच पाटावर बसले होते. अंगात मैनाने विणलेला स्वेटर. तिला बातमी कळली होती, आणि वाया कशाला घालवायचा. कुसाबाई भातावर दूध ओतत होती.

"मोरोबा, आता हितंच ना रे तू?"

"हाय," मोरीसान म्हणाले.

एवढ्यात दारात मोतीराम उभा राहिला. ओझरहून खास आला होता. हातात झेंडूचा हार, नारळ, आणि मिशी आज पिळायची राहिलेली.

"साडू, हरलो आपण. म्या नुसता हात लावत ऱ्हायलो," तो म्हणाला. "तुमचं जायचं पक्कं हाय ना?"

रंगनाथ उंबऱ्यातच थांबला. महिनाभर घोकलेलं ते एक वाक्य ओठाशी येऊन बसलं होतं. ते त्याने गिळलं.

"हाय," तो एवढंच म्हणाला.

मोतीरामने पुढे होऊन त्याच्या गळ्यात हार घातला. मोरीसाननी आनंदाने मान डोलावली. त्या एका शब्दातला उसासा मैनाला तेवढा ऐकू आला, आणि तिने दुसरं ताट वाढायला घेतलं.