परीक्षक बाईंचं रीडिंग

उद्यमनगरात इंजिन ट्यूनिंगची परीक्षा गाडी घेते, आणि पास-नापासही तीच करते. पांढरी, चार दारांची, जरा वयस्कर गाडी आहे. सगळे तिला बाई म्हणतात. बाई बोलत नाहीत. त्यांच्या कॉम्प्युटरची केबल लॅपटॉपला जोडली की पडद्यावर त्यांचे प्रश्न उमटतात, आणि उत्तर चुकलं की हॉर्न वाजतो.

वैजयंता पोवारसाठी तो दोनदा वाजला होता. तिसऱ्यांदा वाजला की पुन्हा बसता येत नाही, असा नियम. तिचे वडील बंडा मिस्त्री जन्मभर कार्बोरेटर कानानं लावत आले. आता गाड्या सगळ्या इंजेक्शनच्या, आणि पास झालेलं माणूस घरात नसेल तर महिनाअखेरीस गॅरेजचं शटर कायमचं खाली. म्हातारा फाटकाशी थांबला होता. लेकीच्या हातात डबा देऊन म्हणाला, "आधी खा, मग बस गं." कुणाच्या घशाखाली उतरणार? डबा टेबलावर तसाच राहिला.

परीक्षेचे कारकून केरबा चौगुले यांनी बाईंना रोलरवर चढवून चालू केलं. चाकं जागच्या जागी फिरू लागली.

"पोवार, वाचा," पडद्यावर आलं.

वैजयंताचे हात लटलट कापत होते. तिनं वाचलं. धुराच्या नळीतला सेन्सर सांगत होता, ऑक्सिजन जास्त उरतोय. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. म्हणून बाई जादा पेट्रोल सोडत होत्या, सोडतच होत्या, आणि सेन्सर काही समाधान मानत नव्हता.

"निदान?"

'पेट्रोल कमी' म्हटलं की सुटका. सकाळपासून सगळे तेच सांगून पास होऊन गेले होते. पण हिच्या नाकात कच्च्या पेट्रोलचा वास भरला होता. ती मागं गेली, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट तव्याच्या बुडासारखं काळं झालं. पेट्रोल कमी पडतंय म्हणता, मग ही काजळी आली कुठनं?

"बाई," ती म्हणाली, आणि तिचा जीव नुसता टांगणीला लागला, "तुमचं चुकतंय."

चौगुल्यांनी कपाळावर हात मारला. "अगं ए शहाणे, परीक्षक हाईत त्या! बापाला काय तोंड दाखवशील?"

"पेट्रोल जास्त हाय, मामा. सेन्सरच्या अलीकडं नळीचा सांधा फुटलाय. तिथनं बाहेरची हवा आत शिरतीय. सेन्सर तीच हवा मोजतोय, आणि बाई त्याच्यावर इस्वास ठेवून बसल्यात."

पडदा कोरा झाला. इंजिनाचा आवाज चढला. मग दोन शब्द आले: "सिद्ध करा."

तिनं पोतं भिजवलं, खाली सरकली आणि तापलेल्या सांध्याभोवती गच्च आवळलं. वाफ तोंडावर आली. बोटं भाजली, पण तिनं सोडलं नाही.

"ऑक्सिजनचा आकडा बघा, मामा!"

"उतरतोय," चौगुले म्हणाले. "आयला, उतरतोय की गं!"

आणि हॉर्न वाजला. वैजयंता तिथंच, गाडीखाली, ढसाढसा रडायला लागली. चौगुल्यांनी वाकून तिला पडदा वाचून दाखवला: "हा हॉर्न माझ्यासाठी होता. परीक्षक नापास."

आता आली का पंचाईत! नापास परीक्षकाची सही चालत नाही, आणि सहीशिवाय वैजयंताचा निकाल नाही. नियम चौगुल्यांना तोंडपाठ होता. चूक दाखवणाऱ्यानं परीक्षकाच्या जागी उभं राहायचं आणि परीक्षकानं परीक्षा द्यायची. बाईंना खाली उतरवलं, आणि वैजयंता रोलरवर चढून जागच्या जागी चालू लागली. केबलचं टोक तिच्या मनगटाला बांधलं. हॉर्नच्या जागी चौगुल्यांनी तिच्या हातात रबरी भोंगा दिला.

बाईंनी तिचे ठोके वाचले, श्वास वाचला, हातांचा कंप वाचला.

"निदान?" वैजयंतानं विचारलं. उत्तर तिला माहीतच होतं. भीती.

"इंधन कमी," पडद्यावर आलं.

साफ चूक. तिची बोटं भोंग्यावर आवळली.

"पास करून टाक की," चौगुले कुजबुजले. "त्यांची सही झाली तर तुझं शटर उघडं ऱ्हाईल."

"खोटं कसं सांगू, मामा? भ्यालेय मी. इंधनाचा काय संबंध?" पण बोलता बोलता ती थांबली. मघाशी बाईंनाही असंच पक्कं वाटत होतं. तिनं भोंगा सैल धरला. "बाई, सिद्ध करा."

"डबा उघडा."

चौगुल्यांनी उघडला. भाकरी आणि खर्डा. तिनं चालता चालता एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग काय, सुटलीच. अर्ध्या भाकरीत ठोके उतरले. पुरी संपली तेव्हा हात थांबले होते. भीती होती तिथंच होती, पण तिच्यानं हात काही कापत नव्हते.

"पास," वैजयंता भरल्या तोंडानं म्हणाली.

लगेच बाईंची सही उमटली. सकाळी पास झालेल्यांना परत बोलवायला चौगुले फोन लावत बसले, आणि ती रिकामा डबा घेऊन फाटकाकडं धावली.

"काय झालं गं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बाई पास झाल्या, आबा."

"आन् तू?"

"मग त्यांनी मला केलं."

बंडा मिस्त्री फाटकाला धरून रडले. मग डोळे पुसून त्यांनी डबा हलवून बघितला.

"खाल्लास नव्हं?"

"खाल्ला," ती म्हणाली. "त्याच्यावरच सही झाली."