वाट एन्टविसलबाईंची

स्वयंपाकघरात चार माणसांचं टेबल मावावं, एवढीच मॅव्हिसची मागणी होती. शहाण्या नवऱ्याने लहान टेबल आणलं असतं. मी घर वाढवायला काढलं.

इंग्लंडातल्या बर्नलीतली आमची गल्ली म्हणजे एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांची रांग. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे उजेड आला तर पुढून, नाहीतर मागून. मी नकाशा काढला. (मी विमा कंपनीत कारकून आहे. रेघा सरळ येतात.)

"मागची खिडकी गेल्यावर मधल्या खोलीत उजेड कुठून येणार?" मॅव्हिसने विचारलं.

"नव्या स्वयंपाकघराला काचेचं छप्पर करतोय. वरून पडेल आणि आत येईल."

"म्हणजे खाली पडून मग वळेल?"

हा प्रश्न मला तेव्हा बालिश वाटला.

"बरं, आधी एन्टविसलबाईंना विचारून घे," असं बजावून ती आजारी आईकडे ब्लॅकपूलला गेली.

एन्टविसलबाई आमच्या उजव्या हाताच्या शेजारीण. मी कुंपणाच्या भिंतीवरून हाक मारली. गल्लीत कुणीतरी रस्ता फोडत होतं, त्यामुळे दोघंही ओरडूनच बोलत होतो.

"मागे जरा वाढवतोय!"

"काय, दाढी?"

"घर! हरकत नाही ना?"

"वाढव की! माझी वाट तेवढी ठेव म्हणजे झालं!"

मला ऐकू आलं 'वाटी'. मागच्याच आठवड्यात त्यांनी रूबार्बच्या आंबट देठांचं पुडिंग वाटीतून पाठवलं होतं. मी लगेच वाटी घासूनपुसून त्यांच्या भिंतीवर ठेवली आणि गवंड्याला काम सुरू करायला सांगितलं.

आता वाटेबद्दल. सगळ्यांच्या मागच्या अंगणांतून एक पायवाट जाते. मधल्या घरांनी आपापले कचऱ्याचे डबे शेजाऱ्यांच्या अंगणांतून ढकलत डावीकडच्या टोकाच्या बोळापर्यंत न्यायचे, अशी जुनी रीत. आमचा डबा मॅव्हिस नेते. त्यामुळे गवंडी जेव्हा म्हणाला, "साहेब, इथून वाट दिसतेय," तेव्हा मी मोठ्या रुबाबात विचारलं, "वापरतं कोण?"

मॅव्हिस परतली तेव्हा भिंती या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत चढलेल्या होत्या.

"बाईंना विचारलंस?"

"आनंदाने हो म्हणाल्या."

रविवारी नवं स्वयंपाकघर दाखवायला मॅव्हिसच्या भावाला, सिरिलला, जेवायला बोलावलं. काचेतून ऊन पडलं होतं, थेट शेगडीवर. मधल्या खोलीत मात्र भरदुपारी दिवा लावूनसुद्धा सिरिल खुर्चीला दोनदा धडकला. मी रोस्टवर ग्रेव्ही ओततोय तोच भिंतीवर पलीकडून धडाधड आवाज सुरू झाले आणि पाठोपाठ पुढच्या दाराची घंटा वाजली. दारात एन्टविसलबाई.

"नॉर्मन! माझी वाट कुठाय?"

"भिंतीवर ठेवली होती की! घासून!"

"घासून?"

"पुडिंगची ना?"

बाई मॅव्हिसकडे वळल्या. "याला कधीपासून होतंय हे?"

उलगडा झाला तेव्हा माझ्याखेरीज सगळे हसले. बाईंचं हसू आधी थांबलं. "दार शेवटी बसवणार असशील, असं समजून मी गप्प राहिले. माझ्या पलीकडे आणखी घरं आहेत, बाळा. उद्या कचऱ्याची गाडी येणार. माझ्या नवऱ्याने नळ जोडायला मदत केली होती तुला, आणि तू आम्हाला कचऱ्यासकट कोंडलंस?"

ते मात्र मला लागलं.

सिरिल नगरपालिकेत आहे. त्याने खाणं न थांबवता निकाल दिला, "वाट आहे म्हणजे आहे. पाड, नाहीतर समोरासमोर दोन दारं काढ."

पाडायचं नाव काढताच मॅव्हिसचा चेहरा पडला. गवंड्याला परत बोलावलं. उजवीकडे एक दार, डावीकडे एक दार, आणि मधे टेबल जिथे बसणार होतं तिथून रस्ता.

तेव्हापासून रांगेतले डबे आमच्या स्वयंपाकघरातून जातात. डब्यांमागून माणसं येतात, मॅव्हिस चहा ठेवते. एन्टविसलबाई पातेल्याची झाकणं उघडून मीठ सुचवतात. मॅव्हिस इतकी खुशीत मी लग्नातही पाहिली नव्हती. मी आपला मधल्या खोलीतल्या अंधारात आरामखुर्चीत, पांघरूण घेऊन पडलेला असतो.

गेल्या महिन्यात एन्टविसलबाईंच्या पलीकडच्या घरात एक नवा तरुण राहायला आला, कॅलम नावाचा. पहिल्यांदाच डबा घेऊन आला, चहा प्यायला, आणि मधल्या खोलीत बराच वेळ डोकावून मग आत येऊन माझ्या खुर्चीची पाठ धरली. मी जरासा हललो. तो दचकला.

"घाबरू नकोस," मॅव्हिस म्हणाली, "ते आमचे हे."

"हो का? सॉरी हं," कॅलम म्हणाला. त्याने माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. "मला वाटलं, कुणाचं तरी न्यायचं राहिलंय."