ओडेलच्या बोटीतली मागची जागा

बास मासा आणि गादीचं गिऱ्हाईक यांच्यात काडीचाही फरक नाही, असं क्लेटनचं ठाम मत होतं. दोघांनाही रंग पटला पाहिजे, माप बसलं पाहिजे आणि वास आवडला पाहिजे, की सौदा झालाच! क्लेटन गाद्यांच्या दुकानात होता. गळ त्यानं हातात धरला तो लग्नानंतर. पण बोलणं असं, की तलावातल्या प्रत्येक माशाला यानंच गादी विकली असावी.

एवढी सगळी खटपट चालली होती ती एका जागेसाठी. त्याचे सासरे ओडेल यांच्या बोटीत जागा दोनच. पुढची त्यांची, मागची त्यांच्या भावाची. यंदा भावाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि चर्चच्या मासेमारी स्पर्धेच्या तोंडावर मागची जागा रिकामी पडली. अलाबामात सासऱ्यानं बोटीत घेतलं की जावई घरचा झाला. क्लेटनच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तो अजून 'तो ओहायोचा', म्हणजे उत्तरेकडचा परका होता. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीची हाडकी मान त्याच्याच ताटात पडायची.

"एक दिवस बसवून बघतो," ओडेल आपल्या लेकीला, म्हणजे क्लेटनच्या बायकोला म्हणाले होते. "नाही जमलं तर पुढच्या वर्षी शेजाऱ्याचं कुत्रं नेईन."

लुरीननं हे नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं, आणि वर म्हणाली की बाबा कुत्र्याचं थट्टेनं बोलत नव्हते.

झालं, क्लेटन कामाला लागला. आधी रंग. बासला धरायचं ते रबरी गांडुळं लावून, आणि दुकानात त्यांच्या रंगांची नावं वाचताना त्याला मंडईत आल्यासारखं वाटलं. कलिंगडी, भोपळी, जांभळी, आणि मध्येच इंजिन ऑइल! गढूळ पाण्याला गडद रंग आणि नितळ पाण्याला फिका, हे जो तो सांगत होता. पण आपल्या तलावाचं पाणी गढूळ की नितळ, यावर गावात दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं. शेवटी क्लेटननं बाथटब भरला, त्यात घरातला गोड चहा ओतून पाण्याला तलावाचा रंग आणला आणि एकेक गांडूळ बुडवून पाहिलं. लुरीन आंघोळीला आली, तिनं टबाकडे पाहिलं आणि टॉवेल घेऊन मुकाट्यानं शेजारणीकडे गेली. भोपळी हिरवा रंग पक्का झाला, आणि न्हाणीघरात मुंग्या झाल्या.

मापाचा प्रश्न त्यानं झटक्यात सोडवला. मोठा मासा हवा तर घास मोठा हवा, म्हणून सगळ्यात लांब गांडुळं घेतली.

राहिला वास. त्यासाठी लसणाचा खास अर्क मागवून त्यानं तो शेडमधल्या फ्रिजमध्ये ठेवला होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाटली काढली आणि गांडुळांच्या पिशवीत ओतली. कापूसवेचणीचे दिवस, हवेत धूळ, आणि क्लेटनचं नाक पार चोंदलेलं. वास कसा तो येईना. मग त्यानं उरलेली बाटलीही उपडी केली.

सकाळी बोटीत ओडेलनी पिशवी उघडली आणि मान एकदम मागे घेतली.

"हे काय आहे?"

"लसूण, बाबा. बासचा जीव की प्राण."

"जावईबापू, तुम्ही स्वतः वास घेतलात का याचा?"

"नाक चोंदलंय. पण घातलाय भरपूर, काळजी नको."

ओडेलनी पिशवीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. गळ पाण्यात पडले.

मासे येत होते, पण गांडुळाची नुसती शेपटी ओढून पळत होते. गांडूळ लांब झालं की असंच होतं. अशा वेळी तिकडचे जुने लोक गांडुळाचं डोकं दातांनी तोडून थुंकतात आणि उरलेलं गळाला लावतात. चाकू काढला की माणूस बाहेरगावचा, हे ठरलेलं. ओडेलनी गांडूळ तोंडात धरलं. त्यांच्या मिशा ताठ झाल्या, डोळ्यांना पाणी आलं, पण तुकडा तुटला. क्लेटनही आपलं गांडूळ तोंडाकडे नेणार, तोच म्हाताऱ्यानं ते हिसकावून घेतलं.

"तू राहू दे. तुझी मी तोडून देतो."

क्लेटनला भरून आलं. या माणसानं नऊ वर्षांत त्याच्यासाठी साधा पावाचा तुकडा मोडला नव्हता! आखूड गांडुळांवर मासे मात्र तुटून पडले. ओडेल दिवसभर दोघांची गांडुळं दातांनी तोडत राहिले आणि थुंकत राहिले. स्पर्धेत दोघं दुसरे आले. पहिले आले पास्टर, आणि त्यांच्यावर संशय कोण घेणार? जागेबद्दल मात्र ओडेल चकार शब्द बोलले नाहीत. उद्या जेवायला या, मग बघू, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी लुरीननं शेडमधला फ्रिज उघडला. ती पक्की शिकारीण होती आणि तिला तिची बाटली हवी होती. लसणाची बाटली सीलबंद होती. तिची बाटली रिकामी. ओलीनं दोन्हींची लेबलं गळून पडली होती.

"माझ्या बाटलीत माजावरच्या हरणीचं मूत होतं," ती म्हणाली. "नराला बोलवायला झाडावर शिंपडतात ते."

क्लेटन उलट्या बादलीवर मटकन बसला. "बाबांनी ते दिवसभर तोंडात घेतलंय गं."

"आपण बोलायचंच नाही," लुरीन म्हणाली. पण क्लेटनला रात्रभर त्या ताठ मिशा दिसत राहिल्या. जागा जाणार हे त्याला कळत होतं, आणि लपवून मिळवलेल्या जागेवर आपल्याला बसवणार नाही हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, आयडा-मे यांनी, तळलेले मासे वाढले आणि क्लेटननं एका दमात सगळं सांगून टाकलं. आयडा-मेंचा काटा हवेतच राहिला.

"मला माहीत होतं," ओडेल म्हणाले. "जन्म गेला हरणं मारण्यात. पिशवी उघडली तेव्हाच कळलं."

"मग तोंडात कशाला घेतलंत?"

"मासे ओढत होते ना! ओढत असताना आमिष बदलतं का कुणी?"

"आणि माझी गांडुळं?"

ओडेलनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "पहिल्यांदाच आला होतास तू बोटीत. म्हटलं, या पोराचं तोंड कशाला खराब करा." मग त्यांनी मक्याचा पाव मोडला आणि अर्धा क्लेटनच्या ताटात टाकला. "पुढच्या वर्षीही मागे तूच बस. बाटली तीच आण."

आयडा-मे खुर्ची ओढून नवऱ्यापासून लांब सरकल्या.

"फक्त बाटलीत मीठ जरा जास्त घाल," ओडेल म्हणाले. "फार अळणी लागतं."