आपल्या कंपनीचं कळलं का?

दामलेकाका आमच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले ते पांढरा झब्बा घालून आणि चेहरा पाडून. आम्हाला लखनौला, अलीगंजात राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. अर्धी खोकी अजून सुतळीतच होती. काका फाटकाशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "आपल्या कंपनीचं कळलं का?"

परमुलखात मराठी कानावर पडलं की माझी बायको, नीला, विरघळते. तिने आत बोलावलं, खोक्यावरच बसवलं, पाणी दिलं.

"थोरलं गेलं," काका म्हणाले. "शंभरी ओलांडली होती."

नीलाने हात जोडले. "आजारी होते का?"

"तसं नाही. गिऱ्हाईक उरलं नव्हतं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मग उलगडा झाला. एका बड्या अमेरिकन मोटार कंपनीने आपल्या सगळ्यांत जुन्या जातीच्या मोटारी बनवणं बंद केलं होतं, आणि तिची शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली होती. त्याचा दुखवटा अलीगंजात चालू होता. नीलाने तोवर चहाचं आधण उतरवून ठेवलं होतं, सुतक समजून. ते तिने परत चढवलं.

मला वाटलं, माणूस गाड्यांचा शौकीन असणार. छे. काकांकडे गाडी नव्हती. एक जुनी स्कूटर होती, ती पण चालवण्यापेक्षा लाथा खाण्यासाठीच ठेवलेली. मोटार चालवता तर त्यांना येतच नव्हती. उभी नोकरी मानक नगरला, रेल्वेच्या संशोधन संस्थेत, डब्यांच्या स्प्रिंगा तपासण्यात गेली. मग ही "आपली" कंपनी आपली कशी?

तर धाकटा भाऊ सुधाकर तिथे होता. चाळीसेक वर्षांपूर्वी मिरजेहून उठून तो अमेरिकेला गेला आणि त्या कंपनीत इंजिनियर म्हणून लागला. त्यांच्या आईने आख्ख्या मिरजेत पेढे वाटले. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्याकडेसुद्धा मुद्दाम नेऊन दिले.

भाऊ कंपनीत, आणि कंपनी थोरल्या भावाच्या अंगात, असा प्रकार होता. कुठल्याही विषयावरून काका तिथे पोचायचे. तुम्ही म्हणालात, यंदा गॅस महागला, की काका घसा साफ करत. "सुरुवात घोडागाडीपासून करावी लागेल." आणि करत. कंपनी काढणारा मूळचा घोडागाड्या विकणारा. त्याला म्हणे मोटारीचा आवाज आणि वास सहन व्हायचा नाही. त्याच माणसाने मग एकेक लहान मोटार कंपनी विकत घेऊन एवढा मोठा प्रपंच मांडला. मग त्याच्याच लोकांनी त्याला हाकलला. पठ्ठ्याने दुसरी कंपनी काढली, तिच्या जोरावर पहिली परत मिळवली, आणि पुन्हा हाकलला गेला. म्हातारपणी तो चेंडूने लाकडी बाटल्या पाडायच्या खेळाचं दुकान चालवत होता. इथे आले की काकांचा आवाज हमखास अडखळे. "एवढं उभं केलं हो, आणि शेवटी बाटल्या मोजत बसला." समोरच्याला कळायचं नाही, सांत्वन करावं की गॅसचं बोलावं.

कंपनीच्या गाड्यांच्या पाच पायऱ्या होत्या. माणसाने पहिल्या पगारात खालची घ्यायची आणि चढत चढत वरची घेऊन मरायचं. काकांनी सगळी कॉलनी या पायऱ्यांवर बसवली होती. मी बँकेत असल्यामुळे दुसऱ्या पायरीवर होतो, आणि प्रमोशन झालं तेव्हा त्यांनी येऊन "तिसरी लागली" म्हणून पाठ थोपटली. भाजीवाल्यालाही सोडलं नाही. "भैया, टमाटर पाँच क़िस्म के रखो, हर जेब के लिए." भाजीवाला लखनवी, पक्का. तो म्हणाला, "दामले साहब, आधा किलो तौल दूँ, या पहले कंपनी खोल लें?"

कंपनीचं दिवाळं निघालं त्या काळात काकांनी दाढी केली नाही. सरकारने तिला वाचवलं तेव्हा गल्लीभर इमरती वाटली. लोक आवडीने खात होते आणि "मुबारक हो" म्हणत होते. कशाबद्दल ते कुणालाच माहीत नव्हतं. कंपनीने पुण्याजवळचा कारखाना गुंडाळला तेव्हा मात्र ते दोन दिवस बोललेच नाहीत. "माहेराला कुलूप लागलं," एवढंच म्हणाले.

पण खरी गंमत रविवारी सकाळी. तेव्हा सुधाकरचा फोन यायचा. काका व्हरांड्यात बसून, फोन मोठ्या आवाजावर टाकून बोलायचे, त्यामुळे आम्हाला सगळं घरबसल्या. आणि बोलायचे काय, तर कंपनीच्या बातम्या. विजेवरची नवी गाडी येतेय, अमक्या कारखान्यात संप झाला, नवा साहेब बरा दिसतोय. पलीकडून फक्त "हं दादा", "हो दादा". आमची मुलगी एकदा म्हणाली, "पापा, अंकल वहाँ काम करते थे और बता ये रहे हैं?" तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की हिंदी. पण प्रश्न रास्त होता. मी काकांना म्हणालोसुद्धा, "अहो, तो तिथलाच माणूस, त्याला तुम्ही काय शिकवताय?" काका म्हणाले, "त्याला ऐकायला आवडतं." काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बंगळूरला. मला वाटलं, बोलायला कुणी नाही, म्हणून बोलत असतील.

यंदा दशहरी आंब्याच्या दिवसांत सुधाकरकाका आले. सडसडीत, टक्कल पडलेले, अगदी मितभाषी गृहस्थ. चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारे. दामलेकाका त्यांना घेऊन गल्लीत मिरवत होते, "हा आमचा सुध्या." आणि कुणी "कंपनी में क्या करते थे आप?" विचारलं रे विचारलं, की उत्तर काकाच द्यायचे, घोडागाडीपासून.

आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस पेंडसे हे एक निराळं प्रकरण आहे. लखनौत उतरलेला मराठी माणूस भाषण न करता परत जाता कामा नये, असा त्यांचा बाणा. त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं, रविवारी संध्याकाळी श्री. सुधाकर दामले यांचं व्याख्यान, विषय 'मोटार कंपनीतील माझी वर्षे'. मंडळाच्या ग्रुपवर ते आलं तेव्हा सुधाकरकाकांचे कान लाल झालेले मी पाहिले. मला वाटलं, संकोच.

शनिवारी मी दोघांना माझ्या गाडीतून मलिहाबादला घेऊन गेलो, आंबे आणायला. बागेत पोचल्यावर दामलेकाकांनी बागवानाला पकडलं आणि आंब्यातही पाच पायऱ्या असायला हव्यात ते समजावू लागले. सुधाकरकाका मला घेऊन पलीकडच्या झाडाखाली गेले.

"कुलकर्णी, मला उद्यापासून वाचवा."

"अहो, दहा मिनिटं बोलायचं. घरचीच माणसं आहेत."

"काय बोलू?" ते म्हणाले. "मी लागलो आणि थोड्याच वर्षांत आमचा कारखाना बंद झाला. आम्हाला सगळ्यांनाच घरी पाठवलं. दुसरीकडे कुणी घेईना. पुढची सगळी वर्षं मी शाळेची बस चालवली. पिवळी बस. निवृत्त झालो तोही तिथूनच."

मी वळून पाहिलं. दामलेकाका अजून बागवानालाच समजावत होते.

"कारखाना बंद झाला त्याच रविवारी फोनवर दादाला सांगणार होतो. आई तेव्हा दादाकडे होती, तेवढ्यात तीच फोनवर आली. म्हणाली, येणाऱ्याजाणाऱ्याला तुझं उदाहरण देते मी. माझी जीभच उचलली नाही. मग राहूनच गेलं." ते खाली बघत होते. "काम वाईट नव्हतं. पोरं नावाने हाक मारायची. मला तर आवडायचं. पण दादाने माझ्यापायी त्या कंपनीवर सगळा जीव टाकलाय. हे कळलं तर तो खचेल हो. या वयात. त्याला सांगणार नाही, शब्द द्या."

मी शब्द दिला. देणं सोपं होतं, पण रविवारच्या व्याख्यानाचं काय करायचं ते मला सुचेना. पेंडशांना पोटदुखीचं सांगावं तर ते डॉक्टर घेऊन येतील, असा माणूस. येताना मी गप्पच होतो. पुढे माझ्या शेजारी सुधाकरकाका बसले होते. मागे दामलेकाका आंब्यांच्या पेटीवर हात ठेवून बसले होते, तेही कधी नव्हे ते गप्प.

रविवारी सभागृह चांगलं भरलं. लखनौत बटाटेवडा मिळणार म्हटलं की मराठी माणूस गोमतीपलीकडूनही येतो. पेंडसे म्हणाले, पाहुण्यांची ओळख त्यांचे थोरले बंधू दोन वाक्यांत करून देतील.

दामलेकाका उठले, माइकसमोर गेले, घसा साफ केला. "सुरुवात घोडागाडीपासून करावी लागेल."

सभागृहातून एक सामुदायिक उसासा निघाला. काका बोलत राहिले. घोडागाडीवाला पहिल्यांदा हाकलला गेला तेव्हा पेंडशांनी घड्याळ दाखवलं. तो परत आला तेव्हा पेंडशांनी खाकरून पाहिलं. दुसऱ्यांदा हाकलला गेला तेव्हा त्यांनी काकांचा झब्बा मागून ओढला. काकांनी झब्बा सोडवून घेतला आणि पाच पायऱ्या सुरू केल्या. मुलं वड्यांकडे पळाली, त्यांच्यामागे त्यांच्या आया गेल्या. पुढच्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक चक्क झोपले. काकांचा आवाज बसला, तरी ते पाणी पिऊन पुन्हा बोलत होते. अखेर चौकीदार किल्ल्या वाजवत आला. "साहब, हॉल का टाइम हो गया." तेव्हा काका म्हणाले, "आता सुधाकर बोलला असता, पण वेळ संपली. त्याच्या वतीने मीच आभार मानतो."

लोक भडकले होते. "भाऊ एवढ्या लांबून आला आणि याने तोंड उघडू दिलं नाही," असं वडे खात खात सगळ्यांचं एकमत झालं. मी मात्र सुधाकरकाकांना बघत होतो. ते शेवटच्या रांगेतल्या पोरांना वडे वाढत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा हसू होतं. मी म्हटलं, चला, काकांच्या वेडाचा एकदा तरी कुणाला उपयोग झाला.

सुधाकरकाका दोन दिवसांनी परत गेले. त्यांना विमानतळावर सोडून आल्यावर दामलेकाका आमच्याकडे आले. आवाज अजून पार बसलेला. नीलाने हळदीचं दूध दिलं आणि दुधाबरोबर चार शब्दही सुनावले. "काका, राग मानू नका, पण त्या दिवशी तुम्ही भावावर अन्याय केलात. बोलू द्यायचं होतं त्यांना."

काकांनी दुधावरची साय बोटाने बाजूला केली.

"तो अडखळला असता गं," ते म्हणाले. "त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून कान लाल होतात."

मी नीलाकडे बघितलं नाही. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

"त्याचा कारखाना बंद पडला ते पेपरात एका कोपऱ्यात आलं होतं. मी मानक नगरच्या लायब्ररीत वाचलं. रविवारी फोनची वाट बघत बसलो. आला फोन. म्हणाला, दादा, सगळं बरं चाललंय." काकांनी एक घोट घेतला. "धाकटा आहे. इतकी लाज वाटत असेल की माझ्याशी खोटं बोलावं लागतंय, तर मी ते ओढून बाहेर काढू? मग आई विचारायला लागली, सुध्या हल्ली काय बनवतो? नातेवाईक विचारायला लागले. म्हटलं, कंपनीचं सगळं आपणच वाचून ठेवावं. मी बोलत राहिलो की त्याला नुसतं हं म्हणावं लागतं."

नीलाने डोळे पुसले. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. तो घोडागाडीवाला, त्या पाच पायऱ्या, ती वाढवलेली दाढी, सगळं या एका "हं"साठी चाललं होतं.

"तुम्हाला त्याने सांगितलंय," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "मलिहाबादला. मी बागवानाशी बोलत होतो, पण लक्ष तिकडेच होतं."

"काका, मी शब्द दिलाय."

"मग मोडू नका. एवढंच सांगा, पोटापुरतं होतं ना?"

"होतं."

"मानाचं?"

"मानाचं होतं काका. आवडीचंसुद्धा."

त्यांनी मान डोलावली. दूध संपवलं, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"मोठी गाडी चालवत असणार काहीतरी. मलिहाबादपर्यंत तुमच्या शेजारी बसून नुसता ब्रेक दाबत होता. आणि रस्त्यात शाळेची पोरं दिसली की पाय जास्तच दाबायचा." मग त्यांनी विचारलं, "कुलकर्णी, ती गाडी आपल्याच कंपनीची असेल का हो?"

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. ती पिवळी बस कुणी बनवली होती, ते सुधाकरकाकांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

"हो काका," मी म्हणालो. "आपल्याच कंपनीची."

दामलेकाकांचा चेहरा उजळला. "वाटलंच मला," ते म्हणाले. "शाळेच्या बसमध्ये त्यांचा हात कुणी धरणार नाही."